मागे थांबलेल्यांचं वजन

परक्या माणसाचं काळीज पहिल्यांदा माझ्या तळहातांना लागलं, तेव्हा अबोली माझ्या पोटात होती.

कोल्हापूरबाहेरच्या एका मोकळ्या रस्त्यावर आमची चाचणी चालू होती. मी गाडीत, आणि पुढे सायकलवर आमच्या प्रयोगशाळेचे हिशेबनीस हुद्दार. कारण अख्ख्या कार्यालयात सायकल चालवणारे ते एकटेच. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. गाडी जवळ गेली आणि स्टिअरिंगच्या चामड्याखाली काहीतरी हललं. बंद दारावर आतून कुणी हलकेच बोटं वाजवावीत तसं. चढ आला तशी ती बोटं घाईला आली. चढ संपला, पुन्हा सावकाश झाली. त्याच वेळी अबोलीने पोटात लाथ मारली, आणि माझ्या लक्षात आलं की या घटकेला माझ्या अंगाला तीन काळजं लागून आहेत: माझं, तिचं, आणि ज्यांच्याशी मी आजवर फक्त प्रवासभत्त्यावरून भांडले होते त्या हुद्दारांचं. मी गाडी बाजूला घेतली. थोडी रडलेसुद्धा. मग उतरून त्यांना म्हटलं, तुमची धडधड फार छान आहे हो. बिचारे इतके लाजले, की त्यानंतर माझं एकही बिल त्यांनी अडवलं नाही.

त्याआधीचे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. रविवारी सकाळी सायकलवाल्यांचे थवे बाहेर पडायचे आणि त्यांच्यामागे हॉर्नचा कल्लोळ सुरू व्हायचा. गाड्या कोपराला आरसा घासून जायच्या. गाडीवाल्यांचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. तिघं-तिघं शेजारी शेजारी गप्पा मारत चाललेत, साइड द्यायचं नाव नाही, आणि काही बोलावं तर हेल्मेटवरचा कॅमेरा रोखून भांडायला उभे. दोन्हीकडे सज्जन माणसं होती. पण गाडीवाल्याला दिसायची ती पाठ, आणि सायकलवाल्याला ऐकू यायचं ते इंजिन. पाठीला चेहरा नसतो, इंजिनाला नाव नसतं. मग माणसं पाठीशी आणि इंजिनाशी जसं वागायचं तसं वागत.

आमच्या यंत्रणेचे दोन भाग होते. पहिला भाग रस्त्यातच पुरलेला होता, आम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून. इंटरनेटसाठी रस्त्याच्या कडेने काचतंतूंची केबल घातलेली असते. त्या केसाएवढ्या काचेतून प्रकाश सोडला, की तिच्यातल्या बारीक बारीक खोटांवर आपटून त्यातला थोडासा परत येतो. वरून गाडी गेली की जमीन कणभर दबते, काच कणभर ताणली जाते, आणि परतणाऱ्या प्रकाशाची चाल बदलते. त्या बदललेल्या चालीवरून कळतं, कुठे, किती वजनाचं, किती वेगाने काय चाललंय. म्हणजे रस्त्याला त्वचा होतीच. आपण तिला कधी विचारलं नव्हतं इतकंच. आम्ही विचारलं, आणि तिने सांगितलेलं सायकलवाल्यांच्या पाठीवर पोचवलं, एका पातळ बिनबाह्यांच्या बंडीतून. मागून गाडी आली की बंडी पाठीवर हलकेच टेकते. स्कूटर आली तर बोट टेकल्यासारखी, ट्रक आला तर तळवा ठेवल्यासारखी. मागे वळून बघावं लागत नाही.

दुसरा भाग छातीवरच्या पट्ट्याचा. सायकलवाले हृदयाचे ठोके मोजायला पट्टा बांधतातच. आम्ही ते ठोके मागच्या गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत नेले. जो जवळ, त्याचा ठोका ठळक. आणि रांगेत मागे अडकलेल्याला पुढचं काही दिसत नसतं म्हणून तोच सगळ्यात आधी हॉर्न मारतो, हे ध्यानात घेऊन एका गाडीने ते ठोके मागच्या गाडीला द्यायचे, तिने तिच्या मागच्या, अशी सोय केली. लोकांनी त्याला नाव दिलं धडधड. सरकारी कागदावरचं नाव कुणी उच्चारलंही नाही.

एका गोष्टीसाठी मात्र मी यंत्रणेचे नियम ठरवणाऱ्या समितीत हट्टाने भांडले होते. धडधड हाताला लागेल, पण तिचा आकडा दिसणार नाही, ती साठणार नाही, तिला नाव चिकटणार नाही. नाहीतर उद्या विमा कंपन्या दारात उभ्या राहतील, नोकरी देणारे उभे राहतील. माणसाचं काळीज रस्त्यावर आणायचं तर निदान त्याचा पत्ता तरी झाकून ठेवावा. सगळ्यांना पटलं. म्हणून त्या यंत्रणेत इशारा देणारी घंटा नाही. पुढे मला ती घंटा किती हवीशी वाटणार होती, ते तेव्हा कुठे माहीत.

पहिल्या वर्षात रस्ते जे बदलले, ते आम्ही बनवलेल्या यंत्रामुळे बदलले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आम्ही फक्त दार किलकिलं केलं. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरवाले सायकली दिसल्या की कर्ण्यावरची गाणी बंद करायला लागले. का, तर गाण्यात धडधड लागत नाही. एक वाळूचा ट्रकवाला आम्हाला मुद्दाम फोन करून म्हणाला, मॅडम, आज माझ्या पुढे कुणीतरी घाबरलेलं होतं, मी मागे आल्यावर आणखी घाबरलं, मग मी गाडी हळू केली तेव्हा शांत झालं. बावीस वर्षं ट्रक चालवतोय, माझ्यामुळे कुणी शांत झालेलं पहिल्यांदा कळलं. एवढं बोलून त्याने फोन ठेवला. नावसुद्धा सांगितलं नाही.

आता आत्तींविषयी सांगते. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. वैजयंती इंगवले, वीज मंडळाच्या तक्रार खिडकीवर नोकरीची सगळी वर्षं बसल्या आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात सायकल घेतली. त्यांच्या बायकांच्या गटाचं नाव निवांत सायकल मंडळ. नऊ जणी. माझा नवरा धैर्यशील नाव ऐकून हसायचा, कारण आत्तींना निवांत बसलेलं घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. खिडकीवर असतानाची सवय. समोर रांग दिसली की त्या चहासुद्धा घेत नसत. एकदा मला म्हणाल्या होत्या, रांगेतल्या माणसाचं तोंड बघवत नाही गं, आपल्यामुळे ताटकळतंय म्हटल्यावर घास उतरत नाही.

गटात त्या नेहमी शेपटीला असायच्या. शेवटचा सायकलस्वार म्हणजे शेपटी. मागच्या गाड्यांशी बोलायचं काम तिचं. पुढे वळण असेल तर तळहात खाली दाबून थांबा म्हणायचं, रस्ता मोकळा दिसला की हात पुढे झुलवून जा म्हणायचं. आणि या मंडळाची एक रीत होती, बहुधा आत्तींनीच पाडलेली. घाट चढून झाला की बाकीच्या चहाला पळायच्या, पण शेपटीने रस्त्याच्या कडेला तोंड करून उभं राहायचं. आपल्या मागे ताटकळलेली शेवटची गाडी जाईपर्यंत प्रत्येकाला हात करायचा. ज्याला इतका वेळ पाठ दाखवली त्याला एकदा तोंड दाखवायचं.

बंडी पहिल्यांदा अंगावर घातली त्या दिवशी मी उत्सुकतेने विचारलं, कसं वाटतं. आत्ती म्हणाल्या, "खिडकीपुढं कुणी येऊन उभं राहिलं की वाटायचं, तसंच." मला ते कौतुक वाटलं. मी लिहूनसुद्धा घेतलं.

नंतर अबोली झाली. त्या हिवाळ्यात ती दहा महिन्यांची होती, आणि नाव अबोली ठेवल्याचा सूड दिवसभर आरडाओरडा करून घ्यायची. तिला उचलताना एकदा आत्ती अर्ध्यावरच खाली बसल्या. चेहरा पांढरा, हात छातीशी. मी धावले तर म्हणाल्या, पित्त आहे, आणि धैर्यापुढं काढू नकोस. का ते मला माहीत होतं. गेल्या वर्षी त्या सायकलवरून पडून मनगट दुखावून आल्या होत्या, तेव्हापासून धैर्यशील जेवताना चेष्टेत म्हणायचा की आणखी एक कारण मिळू दे, सायकल विकूनच टाकतो. त्यावर आत्ती कधी हसल्या नव्हत्या. मी गप्प बसले. पित्त असेलही, असं स्वतःला सांगितलं. लहान मूल घरात असताना आपण स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो.

तो रविवार हिवाळ्यातला. मी अबोलीला घेऊन कोकणात माहेरी गेले होते आणि परत निघाले होते. मंडळ शनिवारी हेळशी घाट उतरून खाली मुक्कामाला होतं आणि रविवारी सकाळी चढणार होतं, हे मला ठाऊक होतं. घरच्यांनी गाडी घेऊन मागे यायचं नाही, असा मंडळाचा कडक नियम होता. एका बाईंचे यजमान पाण्याची बाटली घेऊन मागून यायचे आणि खिडकीतून गिअर कुठला टाकायचा ते सांगायचे, त्या जाचातून जन्मलेला. म्हणून मी मुद्दाम उशिरा निघाले. पण त्यांच्यातल्या एकीचं चाक पंक्चर झालं होतं, तेव्हा त्याही उशिरा निघाल्या होत्या.

घाटातलं तिसरं वळण घेतलं आणि स्टिअरिंग जागं झालं.

नऊ जणींची धडधड मी आधी कधी घाटात अनुभवली नव्हती. पंगतीसाठी नऊ बायका एका ओळीत बसून भाकऱ्या थापताहेत असं वाटलं. कुणाचा हात जड, कुणाचा चपळ, पण एका घरच्या. समोर धुक्यात त्यांच्या पाठी दिसत होत्या, एकामागे एक, नारिंगी बंड्यांतल्या. शेवटी आत्ती, पिवळं हेल्मेट. मागे बाळखुर्चीत अबोली झोपलेली. मला वाटलं हे असंच माथ्यापर्यंत चालू राहावं.

मग एक थाप चुकली.

पडली, राहिली, मग दोन-तीन घाईघाईने पडल्या, मग पुन्हा एक मोठी पोकळी. सगळ्यात ठळक ठोका सगळ्यात जवळच्याचा, तो नियम मीच लिहिला होता. त्यामुळे हा ठोका कुणाचा, यात शंकेला जागाच नव्हती. धावपळीत काळीज जोरात धडधडतं, त्याची मला सवय आहे. हे जोरात नव्हतं, हे विस्कटलेलं होतं. चालता चालता कुणाच्या हातातली टोपली कलंडावी आणि आतलं सगळं पायरी-पायरीवरून गडगडत जावं, तसं.

फोन केला असता, पण मंडळ घाटात फोन बंद ठेवतं. आणि फोन करून काय सांगणार होते? आत्ती, तुमचं गुपित माझ्या हातात आलंय?

पुढे रस्ता जरा सरळ झाला. आत्तींनी उजवा हात पुढे झुलवला: जा. मी गेले नाही. आरशात पाहिलं. माझ्या मागे मासळीचा टेम्पो होता. कोकणातून कोल्हापूरला बर्फातली मासळी नेणारे हे टेम्पो म्हणजे पूर्वी घाटातला सगळ्यात उतावळा प्राणी. तोही पुढे आला नाही. त्याच्यामागे सहलीची बस, तिच्यामागे एक ट्रक, मग मोटारी, आणि खालच्या वळणांवर धुक्यातून नुसते दिवे, एकाखाली एक, दरीत उतरत गेलेले. एकही हॉर्न नाही. कुणी दिवे मिचकावले नाहीत. धडधड मागे-मागे पोचत होती आणि ज्याच्या ज्याच्या तळहाताला ती विस्कटलेली थाप लागत होती, त्याचा त्याचा पाय आपोआप उचलला जात होता. सगळा घाट एका बाईच्या काळजाच्या चालीने वर सरकत होता. मी देवळात फारशी जात नाही. पण त्या घटकेला माझ्या अंगावर जो काटा आला, त्याला दुसरं काय म्हणायचं मला माहीत नाही.

आत्तींनी पुन्हा हात झुलवला. जरा जोरात. पुन्हा कुणी गेलं नाही. मग त्या सीटवरून उठल्या आणि उभ्याने पेडल मारू लागल्या.

थाप आणखी विस्कटली. मी घाबरले. काच खाली घेतली आणि हाक मारता येईल म्हणून गाडी जवळ नेली. स्टिअरिंगमध्ये जणू मूठभर दाणे उधळले गेले. मी दचकून मागे झाले. किंचित शांत झालं. पुन्हा थोडं पुढे सरकून पाहिलं, पुन्हा उधळलं.

तेव्हा मला त्यांचं ते वाक्य आठवलं. खिडकीपुढं कुणी येऊन उभं राहिलं की वाटायचं, तसंच.

त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. त्यांच्या पाठीवर फक्त वजन होतं. माझं, टेम्पोचं, बसचं, ट्रकचं, आणि मागच्या प्रत्येकाचं. रांग लांबली की भार बेरजेने वाढवायचा, म्हणजे सायकलवाल्याला रांगेचा अंदाज येईल, ही आमचीच हुशारी. आम्ही गाडीवाल्यांना धीर धरायला शिकवलं होतं. त्या धीराचं पुढच्याच्या पाठीवर काय होतं, याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. सगळा घाट आत्तींची काळजी करत मागे थांबला होता, आणि आत्तींना वाटत होतं की रांग लागलीय, माणसं ताटकळलीत, खिडकी उघडी ठेवून आपण उगीच वेळ काढतोय. ते जितके थांबत होते तितक्या त्या पळत होत्या.

मला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती आणि तिची मला भीती वाटत होती. मी गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध, वळणाच्या अलीकडे, चारी दिवे लुकलुकते ठेवून. इंजिन बंद केलं.

पिवळं हेल्मेट पुढे गेलं. धुक्यात नारिंगी ठिपका उरला, मग वळणाने तोही पुसला. हातातली थाप मंद होत गेली. ती सावरतेय की फक्त दूर जातेय, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आकडा नको म्हणून मीच भांडले होते ना. शेवटची एक थाप लागली, मग पोकळी, आणि दुसरी आलीच नाही. पल्ला संपला होता. तेवढंच. पल्लाच संपला असणार.

स्टिअरिंग नुसतं चामडं झालं.

पुढे त्या वळणापलीकडे माझ्या अबोलीची आजी एकटी होती, आणि मी आपण होऊन तिला नजरेआड केलं होतं. ती पडली तर उचलायला मागे कुणी नसेल, कारण मागच्या सगळ्यांना मी अडवून धरलंय. मी पुन्हा किल्लीला हात लावला. पुन्हा काढला. मागे पाहिलं तर टेम्पोवाल्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, माझ्यासारखेच. बसवाल्याचेही. इंजिनं एकेक करून बंद झाली. वाऱ्याचासुद्धा आवाज नव्हता. अबोली जागी झाली आणि तिने भोंगा लावला. अख्ख्या घाटात तेवढा एकच आवाज.

मी तिला काढून कडेवर घेतलं. टेम्पोवाले उतरून आले. पन्नाशीचे, डोक्याला मफलर. गाडी बंद पडली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, मीच थांबवली, आणि का ते सांगितलं. पाठीवरच्या वजनाचं.

"म्हणजे आम्ही मागनं ढकलतच होतो म्हणायचं," ते म्हणाले.

"मीसुद्धा. मी तर सगळ्यात जवळून."

"कोण लागतात तुमच्या?"

"सासू."

त्यांनी मान हलवली आणि मागे जाऊन बसवाल्याला काहीतरी सांगितलं. बसवाल्याने ट्रकवाल्याला. धडधड जशी गाडीतून गाडीत गेली होती तशी ही गोष्ट आता माणसातून माणसात खाली उतरत गेली. कुणी पुढे येऊन घाई केली नाही. टेम्पोतून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, अल्ताफभाई (नाव टेम्पोवरच लिहिलेलं होतं), तुमचा बर्फ वितळतोय.

"बर्फ परत मिळतो, ताई," ते म्हणाले, आणि अबोलीला मफलरचं टोक धरायला दिलं.

पुरेसा वेळ म्हणजे किती, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. अबोली रडून थकली, मफलर चोखून झाला, धुकं दरीतून जरा वर आलं. मग मी निघाले. वळण घेतलं. रस्ता रिकामा. दुसरं वळण, तिथेही कुणी नाही. स्टिअरिंग मुकं. मी कड्याच्या बाजूला बघत होते आणि बघायचं नव्हतं.

घाटमाथ्याच्या अलीकडे चामड्याखाली पहिलं बोट वाजलं. मग आणखी. आठ थापा मी नीट ओळखू शकत नाही, पण नववी मला ओळखू आली. दमलेली होती. अधूनमधून अडखळत होती. पण एकामागून एक पडत होती.

चहाच्या टपरीपाशी आठ सायकली टेकवलेल्या. आणि रस्त्याच्या कडेला, सायकल हाताशी धरून, रस्त्याकडे तोंड करून आत्ती उभ्या. रीत म्हणजे रीत. मला पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. मी गाडी पुढे नेऊन बाजूला लावली आणि अबोलीला घेऊन त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. बोलणार होते. पण मागून अल्ताफभाईंचा टेम्पो आला.

त्यांनी टेम्पो अगदी हळू केला. आत्तींनी नेहमीप्रमाणे हात केला, माफ करा आणि आभार दोन्ही एकाच हातात. अल्ताफभाईंनी एक हात स्टिअरिंगवर तसाच ठेवून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला, मान लववली आणि गेले. मग बस. बसचा चालक, आणि खिडक्यांतली पोरं, आता त्यांना कुणी काय सांगितलं होतं देव जाणे, सगळी आत्तींना बघायला एका बाजूला गोळा झालेली. मग ट्रक. मग एकेक मोटार. जो तो जवळ आल्यावर हळू होत होता, तळहातांनी खात्री करून घेत होता आणि हात उचलत होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर काच खाली करून नुसतं "बरं आहे ना?" एवढंच विचारलं, आणि उत्तर त्यांच्या हातातच असल्यासारखे पुढे निघून गेले.

आत्ती हात करत राहिल्या. आधी गोंधळलेल्या, मग हळूहळू त्यांचा हात जड होत गेला. रांग संपेना. शेवटच्या मोटारीनंतर रस्ता रिकामा झाला तरी त्यांचा हात वरच होता.

"सगळे माझ्यासाठी थांबलेले?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मला वाटलं, खोळंबलेत." त्यांनी हात खाली घेतला. मग म्हणाल्या, "मधेच पाठ एकदम मोकळी झाली गं. म्हटलं, बंडी बिघडली. मागं वळून बघितलं तर खरंच कुणी नाही. मग म्हटलं, कुणी नाहीच तर उतरूया की जरा. शेवटची दोन वळणं चालत आले. सायकल ढकलत."

इतकी वर्षं तो घाट चढत होत्या. उतरून चालल्या त्या पहिल्यांदाच.

"दरी कसली दिसते तिथनं," त्या म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं."

मी छातीचं विचारलं. त्यांनी लपवलं नाही. चार महिने झाले होते. पित्त नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. मी म्हटलं, उद्या डॉक्टरकडे. त्या म्हणाल्या, उद्याच, पण धैर्याला मी स्वतः सांगणार, तू मध्ये बोलायचं नाहीस. मी कबूल केलं. मग त्यांनी अबोलीला घ्यायला हात पुढे केले, मध्येच थांबल्या, आणि तिला घेण्याऐवजी माझा तळहात धरून आपल्या छातीवर ठेवला. बंडीवरून, पट्ट्यावरून. मध्ये काचतंतू नाही, चामडं नाही. धडधड, जरा पोकळी, धडधड.

"बघ," त्या म्हणाल्या. "तुझं यंत्र बरोबर सांगतं का."

बरोबर सांगत होतं.

लय बिघडण्याचा विकार निघाला. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी आत नेऊन, हृदयातला जो कोपरा चुकीचे इशारे देत होता तेवढाच शांत करण्यात आला. धैर्यशील रुग्णालयात रात्रंदिवस बसून होता. घरी आल्यावर त्याने सायकलीचा विषय काढला तेव्हा मी तोंड उघडणार होते, पण मला कबूल केलेलं आठवलं. आत्तींनीच त्याला जवळ बसवलं आणि घाटात काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, मागच्या दिव्यांची रांग मी वर्णन केली होती तीसुद्धा, जणू स्वतः पाहिल्यासारखी. दुसऱ्या दिवशी त्याने सायकलीच्या साखळीला तेल घातलं.

बंडीचा हिशेब आम्ही बदलला. आता ती रांगेची बेरीज करत नाही. सगळ्यात जवळचा काय तो कळतो, आणि तो तसाच मागे राहिला तर त्याचा स्पर्शही हळूहळू विरून जातो. समितीत कुणीतरी विचारलं, मग मागे किती जण थांबलेत हे सायकलवाल्याला कळणार कसं? मी म्हटलं, कळायलाच हवं का?

पण खरा बदल आम्ही केला नाही. हेळशी घाटात, त्या वळणाच्या अलीकडे, जिथे मी गाडी थांबवली होती, तिथे आता सगळेच थांबतात. पुढे सायकली असल्या की पहिली गाडी थांबते, मागच्या थांबतात, इंजिनं बंद होतात. पाटी नाही, नियम नाही, यंत्रणेत तशी सूचना नाही. मी शोधून पाहिली. मासळीवाल्यांनी सुरू केलं म्हणतात. बाहेरगावचा एखादा नवखा हॉर्नला हात घालतो, तर मागचा कुणीतरी उतरून त्याच्या खिडकीशी जातो आणि काहीतरी सांगतो. काय सांगतो ते मला माहीत नाही. पण तो नवखा मग हॉर्नवरचा हात काढून स्टिअरिंगवर ठेवतो.

गेल्या रविवारी मी पुन्हा माहेरून येत होते. मंडळ पुढे होतं. नऊ थापा, शेवटची सगळ्यात ठळक. वळण आलं तशी मी थांबले. मागे कुठल्याशा टेम्पोचं इंजिन बंद झालं. पिवळं हेल्मेट धुक्यात गेलं, थापा दूर होत होत संपल्या, आणि हातात नुसतं चामडं उरलं. अबोली मागून हात नाचवत काहीतरी ओरडत होती. मी किल्लीला हात लावला नाही. वर, दोन वळणांपलीकडे, माझी सासू बहुधा सायकलवरून उतरून दरी बघत होती.